टर्नटेबलचे रूप : पितळी कर्ण्यापासून पन्नास लाखांपर्यंत

आम्हा रेल्वेवाल्यांना ‘टर्नटेबल’ म्हटले की आधी लोको शेडमधला गोल खड्डा आणि त्यावरचा, इंजिनाचे तोंड फिरवणारा पूल आठवतो. हा लेख त्या टर्नटेबलवर नाही, रेकॉर्ड वाजवणाऱ्या टर्नटेबलवर आहे. (पहिल्या टर्नटेबलवर लिहायला सांगितले असते तर संपादकांना स्मरणिकेची पाने वाढवावी लागली असती.)

गेल्या काही वर्षांत रेकॉर्डी परत आल्या आहेत. टेक्निक्स या जपानी कंपनीने २०१० साली बंद केलेले आपले एसएल-१२०० हे टर्नटेबल २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आणले, यावरून काय ते समजावे. आपल्या मंडळातही कोणी वडिलांनी बदलीच्या गावोगाव सांभाळून नेलेली नाट्यपदांची पेटी उघडली आहे, कोणी गीतरामायणाच्या रेकॉर्डी माळ्यावरून खाली काढल्या आहेत. मग प्रश्न येतो, वाजवायच्या कशावर? आणि लगेच त्याच्या पाठोपाठ दुसरा : “एवढे पैसे घालायचेच आहेत, तर दिसायलाही चांगले नको का?” प्रश्न अगदी रास्त आहे. चांगले टर्नटेबल लाखाच्या घरात जाते, ते दिवाणखान्यात वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहते. पण चुकीचे यंत्र घेतले तर नुसते पैसे जात नाहीत, रेकॉर्डही जाते. बालगंधर्वांच्या आवाजाची जुनी लाखेची तबकडी एकदा खरवडली गेली की ती पुन्हा छापून मिळत नाही.

दिसण्याचा हा प्रश्न ग्रामोफोनइतकाच जुना आहे. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा कुत्रा आपण सर्वांनी पाहिला आहे. फ्रान्सिस बरॉ या इंग्रज चित्रकाराने ते चित्र काढले तेव्हा निपर हा कुत्रा ग्रामोफोनपुढे बसलेला नव्हताच. त्याच्यापुढे एडिसनच्या पद्धतीचा, नळकांड्यावर ध्वनी उमटवणारा फोनोग्राफ होता आणि त्याचा कर्णा काळा होता. चित्र फार काळपट दिसते, पितळी कर्णा दाखव म्हणजे उठाव येईल, असा सल्ला त्याला मिळाला. म्हणून १८९९ साली तो लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनीच्या कचेरीत पितळी कर्णा उसना मागायला गेला. व्यवस्थापक बॅरी ओवेन यांनी सांगितले की फोनोग्राफ खोडून आमचे यंत्र रंगव, चित्र आम्ही विकत घेतो. चित्राचे पन्नास आणि हक्काचे पन्नास, असे शंभर पौंड त्याला मिळाले. मूळ चित्र तिरक्या उजेडात पाहिले तर रंगाखालचा फोनोग्राफ अजून दिसतो म्हणतात. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध व्यापारचिन्हांपैकी एक जन्माला आले ते कर्ण्याच्या रंगावरून. तो पितळी कर्णा आवाजासाठी मागितलेला नव्हता, शोभेसाठी मागितला होता.

पण हाच कर्णा लवकरच घरातल्या बायकांच्या डोळ्यांवर आला. त्यावर धूळ बसते, येता-जाता पदर अडकतो, आणि सुंदर मांडलेल्या खोलीत हे धूड कुठे ठेवायचे! (अमेरिकेत पदराऐवजी झगा म्हणा.) व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीचे एल्ड्रिज जॉन्सन हे मूळचे यंत्रकार, पण हे त्यांनी बरोबर ओळखले. १९०६ साली त्यांनी ‘व्हिक्ट्रोला’ काढला. कर्णा खाली वळवून लाकडी कपाटाच्या पोटात दडवला, वर झाकण, पुढे दोन छोटी दारे. आवाज कमी-जास्त करायचा तर दारे मिटायची किंवा उघडायची. किंमत २०० डॉलर, त्या काळी फार मोठी रक्कम. तरी तो असा खपला की अमेरिकेत कोणत्याही ग्रामोफोनला लोक व्हिक्ट्रोला म्हणू लागले.

आवाजाचे काय झाले? कर्णा जितका लांब आणि जितका हळूहळू रुंदावत जाणारा, तितके खालचे सूर बरे येतात. कपाटात कोंबलेल्या कर्ण्याला ना लांबी मिळाली ना तोंड. आकाराची घडी घालूनही कर्ण्याचे गणित कसे सांभाळायचे, हे वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी नीट मांडले आणि व्हिक्टरने १९२५ मध्ये ‘ऑर्थोफोनिक’ यंत्र काढले, तेव्हा कुठे कपाटातून भरदार आवाज आला. मधली १९ वर्षे लोकांनी कपाटाचे पैसे दिले आणि ऐकण्यात तोटा सोसला. इंग्लंडमध्ये याच्या नेमके उलट टोक गाठले गेले. ई. एम. जिन यांच्या ‘ईएमजी’ या छोट्या कारखान्याने कागदाच्या लगद्याचे, सुमारे अडीच फूट तोंडाचे कर्णे बनवले. त्यामुळे खोलीतले अर्धे फर्निचर बाहेर काढावे लागले तरी चालेल, आवाज हवा, असे म्हणणारे गिऱ्हाईकही त्यांना मिळाले.

तरीही व्हिक्ट्रोलाला मी नुसते नावे ठेवणार नाही. यंत्र दिवाणखान्यात शिरले, घरच्यांनी त्याला जागा दिली, म्हणून रेकॉर्डी खपल्या. त्या खपल्या म्हणून आणखी गायक ध्वनिमुद्रित झाले. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांच्यासारख्या गायिकांपासून हा सिलसिला सुरू झाला. १९०८ मध्ये सियालदहला रेकॉर्डींचा कारखानाच निघाला आणि पुढे तो डमडमला गेला. घराने यंत्राला नाकारले असते तर आज आपल्या पेट्यांत काय असते?

विजेवर चालणारी यंत्रे आली आणि जून १९४८ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने लाँग प्ले रेकॉर्ड आणली, तेव्हापासून प्रश्नाचे स्वरूप बदलले. आता कर्णा नाही. टर्नटेबलचे काम दोनच वाक्यांत सांगता येते. थाळी अचूक आणि एकसारख्या गतीने फिरवायची, आणि सुईपर्यंत स्वतःची किंवा बाहेरची थरथर पोचू द्यायची नाही. एलपीची खाच केसापेक्षाही अरुंद असते आणि सुई तिच्या भिंतींवरचे मायक्रॉनमध्ये मोजायचे चढउतार वाचते. मोटरची घरघर, खोलीत कोणी चालले तर होणारा फरशीचा हादरा, सगळे सुईला सारखेच. ती ते गाण्यात मिसळून पुढे पाठवते.

या कामात इंग्लंडचे गॅरार्ड हे मोठे नाव. लंडनचे गॅरार्ड म्हणजे राजघराण्याचे जवाहिरे. पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी अंतर मापनाची उपकरणे बनवायला त्यांनी १९१५ मध्ये अभियांत्रिकी कंपनी काढली. युद्ध संपल्यावर ती ग्रामोफोनच्या चावीच्या मोटरी बनवू लागली आणि १९१९ मध्ये स्विंडनला गेली. स्विंडन हे नाव आपल्या खात्यातल्या लोकांना सांगायला नको. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे इंजिन कारखाने १८४३ पासून तिथे होते. सूत, हजारांश इंच आणि बेअरिंगचा फिट कळणारी माणसे त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत होती.

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात गॅरार्डने ‘३०१’ काढले. ओतीव धातूचा जाड पत्रा, तेलाच्या किंवा ग्रीसच्या बेअरिंगवर फिरणारी जड थाळी, तिला आतून रबरी चाकाने फिरवणारी दणकट मोटर. बीबीसीनेही ती वापरली. सुरुवातीची यंत्रे करड्या ‘हॅमरटोन’ रंगात होती, आपल्या जुन्या मीटर-पॅनेलवर असतो तसला, हातोडीने ठोकल्यासारखा दिसणारा रंग. तो रंग का वापरतात? ओतकामातले बारीक खाचखळगे त्यात झाकले जातात, म्हणून. आज ग्रीस बेअरिंगच्या करड्या ३०१ साठी शौकीन लोक जास्त पैसे मोजतात, त्या रंगावर जीव टाकतात. ओतकामाचे दोष झाकणारा रंग पन्नास वर्षांनी सौंदर्य ठरला, याची मला गंमत वाटते.

महत्त्वाची गोष्ट अशी की ३०१ पेटीशिवाय विकले जाई. गिऱ्हाइकाने सुताराकडून लाकडी बैठक करून घ्यायची, टोनआर्म वेगळा विकत आणून बसवायचा. म्हणजे दिसायचे कसे, हे सुतारावर सोडलेले. आणि इथेच रूप व आवाज एकमेकांत अडकतात, कारण रबरी चाकाच्या यंत्राची घरघर किती ऐकू येणार हे त्या बैठकीच्या वजनावर आणि घट्टपणावर बरेच अवलंबून असते. पोकळ, चकचकीत पेटीवर बसवले तर पेटी तबल्यासारखी बोलते. तेच यंत्र प्लायच्या थरांच्या घट्ट, जड ठोकळ्यावर बसवले तर गप्प होते.

अमेरिकेत एडगर विल्चर यांनी उलट वाट धरली. त्यांच्या एआर कंपनीचे १९६१ मधले टर्नटेबल साठ डॉलरांच्या आत मिळत असे आणि दिसायला अगदी साधे, जवळजवळ गरीब होते. पण आतली रचना आपल्या डब्याच्या बोगीशी नाते सांगणारी. थाळी आणि टोनआर्म एकाच कडक पट्टीवर घट्ट बसवलेले, आणि ती पट्टी तीन स्प्रिंगांवर टांगलेली. मोटर वरच्या पत्र्यावर वेगळी, दोघांत फक्त रबरी पट्टा. पेटीला हादरा बसला तर थाळी आणि टोनआर्म एकत्र हलतात, त्यांचे आपसातले अंतर बदलत नाही, म्हणून सुईला काही कळत नाही. वाजत्या यंत्राच्या पेटीवर हातोडी मारून विल्चर हे दाखवून देत. एआरची एक ऐकण्याची खोली चक्क न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात होती. तिथे विक्री होत नसे, प्रवाशांनी यावे, ऐकावे आणि आपली गाडी पकडावी. पुढे १९६५ मध्ये स्विस थोरेन्सने आणि १९७३ च्या सुमारास स्कॉटलंडच्या लिनने याच तत्त्वावर आपापली यंत्रे काढली.

याचा अर्थ देखणे ते वाईट, असा मुळीच नाही. जर्मनीच्या ब्राउन कंपनीसाठी हान्स गुगेलोट आणि डीटर राम्स यांनी १९५६ मध्ये ‘एसके-४’ हा रेडिओ-ग्रामोफोन रेखला. आधी झाकण धातूचे करायचे होते, पण आवाज वाढवला की ते थरथरू लागे. म्हणून पारदर्शक प्लास्टिकचे केले. लोकांनी थट्टेने त्याला ‘हिमगौरीची शवपेटी’ म्हटले आणि नंतर सगळ्या जगाने तेच झाकण उचलले. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसनसाठी याकोब येन्सन यांनी रेखलेले १९७२ चे ‘बीओग्राम ४०००’ तर न्यूयॉर्कच्या कला संग्रहालयात गेले. त्याची भुजा सरळ रेषेत सरकत जाते, रेकॉर्ड कापताना कापणारी सुई जाते तशी. नेहमीची भुजा मात्र एका टोकाला धरून वळते, त्यामुळे खाचेशी तिचा कोन थोडा चुकतो. इथे जे सुंदर दिसते तेच अभियांत्रिकीही आहे.

उलट उदाहरण १९६४ च्या ‘ट्रान्सक्रिप्टर्स हायड्रॉलिक रेफरन्स’चे. डेव्हिड गॅमन यांचे हे यंत्र कुब्रिकच्या १९७१ च्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ चित्रपटातही झळकले. थाळीवर सोनेरी गोलाकार वजने, आणि रेकॉर्ड त्या वजनांच्या माथ्यावर टेकलेली, बाकी अधांतरी. दिसायला अप्सरा. पण पातळ तबकडीला थोड्याच ठिकाणी आधार दिला तर मधला भाग कंप पावणारच, हे सांगायला पदविकेचे पहिले वर्ष पुरे. मायकेल कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘जायरोडेक’मध्ये तशीच पितळी वजने थाळीच्या खाली, कडेला लावली. तिथे ती जडत्वचक्राचे काम करतात, गुरुत्वमध्य खाली आणतात आणि फिरताना तितकीच सुंदरही दिसतात. वजने तीच, जागा बदलली, आणि शोभेच्या वस्तूला काम मिळाले.

आता पन्नास लाखांची गोष्ट. लिनच्या ‘एलपी-१२’ला पन्नास वर्षे झाली म्हणून २०२३ मध्ये कंपनीने त्याची खास आवृत्ती काढली. रूप दिले आयफोनचे रूप घडवणाऱ्या जोनी आइव्ह यांच्या मंडळींनी. फक्त २५० नग, किंमत ५०,००० पौंड, म्हणजे आपले सुमारे पन्नास लाख रुपये. बैठक बीच लाकडाचे थर प्रचंड दाबाखाली एकजीव करून बनवलेली, ही कारखान्याची खरी सुधारणा. आइव्ह यांनी लक्ष घातले ते कोपऱ्यांचे धातुकाम, झाकणाची बिजागरी, चालू-बंद करायचे गोल बटण यांत. म्हणजे जिथे जिथे माणसाचा हात लागतो तिथे. मला हे पटते. रोज ज्या बटणाला हात लावायचा ते नीट असावे. पण त्याचा भाव असा असावा की माणसाला रेकॉर्डी घ्यायलाही चार पैसे उरावेत. शिवाय याच लिनच्या १९७० च्या दशकातल्या यंत्रालाही नंतर निघालेले बहुतेक सुधारित भाग बसतात. बाहेरचे रूप साधारण तेच ठेवून आत सुधारत जायचे, ही त्यांची पन्नास वर्षांची पद्धत मला त्या गोल बटणापेक्षा जास्त देखणी वाटते.

जाता जाता एक बातमी आपल्या मंडळींसाठी. एसएमई ही इंग्लंडमधली टोनआर्मची नामांकित कंपनी. १९४६ मध्ये ती यंत्रांच्या लहान प्रतिकृती बनवायला निघाली होती आणि १९५९ पासून टोनआर्म विकू लागली. पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाने २०१६ मध्ये ही एसएमई घेतली आणि २०१८ मध्ये गॅरार्ड हे नावही. राजाच्या जवाहिऱ्यांनी सुरू केलेले, स्विंडनमध्ये वाढलेले नाव आज पुणेकरांच्या हाती आहे.

तर रूपाला किती महत्त्व द्यावे? माझा हिशेब असा. दोन यंत्रे बेअरिंग, गती आणि टोनआर्म यांत बरोबरीची असतील तर देखणे घ्यावे, त्यासाठी दहा-पंधरा टक्के जास्त गेले तरी हरकत नाही. घरातल्या माणसांना ते आवडले पाहिजे, हाही खर्चाचा योग्य भाग धरावा, नाहीतर ते महिन्याभरात माळ्यावर जाते. पण जे रूप काम लपवते, त्याला एक रुपयाही देऊ नये.

लपवते म्हणजे कसे? जुन्या अमेरिकी यंत्राचे उदाहरण घ्या. लाकूड सुरेख, काच सुरेख, भाव परवडणारा. पण त्याची सिंक्रोनस मोटर ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेली. आपल्या ५० हर्ट्झवर ती पाच-षष्ठांश गतीने फिरेल. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांऐवजी पावणेअठ्ठावीस! काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये गाऊ लागेल, वर सगळे तान-आलाप पेंगुळलेले. ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्ट दिले तरी हा दोष जात नाही, मोटरची पुली बदलावी लागते. थाळीच्या कडेचे ठिपके मोजले तर हे आधीच कळते. विजेच्या दिव्याखाली स्थिर दिसण्यासाठी ५० हर्ट्झला १८० ठिपके लागतात, ६० ला २१६. ते ठिपके नक्षीसाठी नसतात.

दुसरा नमुना चोरबाजारातला. मुंबईच काय, देशभरच्या जुन्या बाजारांत आणि हस्तकलेच्या दुकानांत चकचकीत पितळी कर्ण्याचे ‘प्राचीन’ ग्रामोफोन मिळतात. त्यांतले पुष्कळसे अलीकडे जोडलेले असतात. आत एखाद्या मोडक्या पेटी-ग्रामोफोनची मोटर, बाहेर नवी लाकडी पेटी, नवा पितळी कर्णा आणि वर कुत्र्याचे चिन्ह. कोपऱ्यात शोभेला ठेवायचे तर खुशाल ठेवा. त्यावर एलपी मात्र चुकूनही लावू नका. त्याच्या साऊंड बॉक्सचा भार सुईवर शंभर ग्रॅमच्या वर असतो आणि सुई पोलादी. चांगल्या टर्नटेबलचा भार दीड-दोन ग्रॅम. एका फेरीत गीतरामायणाचा पिठूळ भुगा निघेल.

आणि शेवटचे, कारण हे दुकानदार सांगत नाहीत. ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्यांची खाच रुंद असते. तिला साधारण तीन हजारांश इंच गोलाईची सुई लागते. एलपीला एक हजारांशाहूनही कमी. एलपीची सुई जुन्या तबकडीत तळाशी घासत जाते, खरखर वाढते आणि हिऱ्याचे टोकही जाते. म्हणून घरात दोन्ही प्रकार असतील तर सुई किंवा हेडशेल सहज बदलता येणारे आणि ७८ ची गती असलेले यंत्र घ्यावे. देखण्या यंत्रांपैकी बऱ्याच जणांना ती गतीच नसते. माझ्याकडे दोन्ही सुया आहेत. कोणाला आपल्या पेटीतल्या तबकड्या वाजण्याजोग्या आहेत का ते पाहून घ्यायचे असेल, तर विसर्जन झाल्यावरच्या रविवारी सकाळी त्या घेऊन मंडळाच्या खोलीवर यावे. तबकड्या मात्र उभ्या धरून आणाव्यात, एकीवर एक आडव्या रचून नकोत.